माझा आकडा खोटा ठरला तो दिवस

मित्रांनो, मी जमीन मोजणारा एक जुना एकचाकी गाडा आहे. लोखंडी चाक, लांब दांडा आणि फूट मोजणारं छोटं यंत्र, एवढाच माझा देह. अमेरिकेत, कॅन्ससमधल्या एका परगण्यात, सरकारच्या शेती कचेरीत मी एकवीस वर्षं काढली. तिथे सरकार पेरलेल्या एकरांवर अनुदान देतं आणि पीक जळालं तर भरपाई. मार्लीन टेस्की ही मोजणीदार बाई मला ढकलत शेताच्या चारी बाजूंनी चालायची. आधी लोक माझं कौतुक करायचे. अनुदान वाढलं, तसे ते एकर फुगवून सांगू लागले आणि मला पाहून त्यांच्या कपाळावर आठ्या पडू लागल्या.

त्या दुष्काळी वर्षी आम्ही ड्वाइट ऑस्टरहाउसच्या रानात गेलो. हा गृहस्थ परगण्याच्या शेती समितीचा अध्यक्ष. फाटकावर सरकारला शिव्या घालणारी पाटी, खिशात सरकारचाच चेक. एकशेवीस एकर गहू जळाला, असं त्याने लिहून दिलं होतं. मी सत्तर मोजले. उरलेल्या पन्नासात शहरी शिकाऱ्यांसाठी विश्रामगृह होतं, तळं होतं आणि पाणी पाजून जोपासलेली हिरवळ.

त्याच आठवड्यात ओरव्हल पिंकनीचं शेतही मोजलं. हा म्हातारा खंडाने जमीन कसायचा. त्याने चाळीस एकर लिहिले होते. मी साडेअडतीस दाखवले.

समिती बसली. स्वतःच्या प्रकरणापुरतं अध्यक्षाने बाहेर जायचं असा नियम. ऑस्टरहाउस उठला आणि दारातच कॉफी पीत उभा राहिला. केवढा तो नियमाचा मान! समितीतलाच त्याचा मेहुणा ग्लेन मला निरखत म्हणाला, "मार्लीन, तुझं हे चाक म्हातारं झालंय. गवतावर घसरत असेल."

"पन्नास एकर घसरलं?"

"यंत्रच ते. तू कशाला मनाला लावून घेतेस?"

'चाक सदोष, मोजणी रद्द,' असं वहीत लिहिलं गेलं आणि अध्यक्षांचे एकशेवीस एकर कायम राहिले. ऑस्टरहाउस परत खुर्चीत बसला आणि त्याने ओरव्हलला आत बोलावलं.

"ओरव्हल, दीड एकर कमी भरलंय. सगळी भरपाई परत करावी लागेल. नियम सगळ्यांना सारखा, बाबा."

"कुंपणापाशी माझा अंदाज चुकला असेल," ओरव्हल टोपी चुरगळत म्हणाला. "पण बियाणं घ्यायला माझ्याकडे दुसरं काही नाही."

मार्लीनने पेन उचललं. "याचं शेत याच चाकाने मोजलंय, त्याच आठवड्यात. एकतर दोन्ही मोजण्या खऱ्या, नाहीतर दोन्ही रद्द. काय लिहू?"

ग्लेन खिडकीबाहेर पाहू लागला.

"दोन्ही रद्द," ऑस्टरहाउस पुटपुटला.

ओरव्हलची भरपाई वाचली. जाताना त्याने माझ्या दांड्यावर क्षणभर हात ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण त्याचं शेत खरंच दीड एकर कमी होतं. मी दोन्हीकडे खरं तेच बोललो होतो. पण त्या खोलीत खऱ्याचा उपयोग कुणालाच नव्हता, माझ्या मार्लीनलासुद्धा.

मित्रांनो, आता मी कचेरीमागच्या भंगारात आहे. मोजमापाच्या वस्तूंना तेल द्या, गंज चढू देऊ नका, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी वेगळंच मागतो. आमचा आकडा आवडला नाही, तर तोंडावर सांगा की आवडला नाही. आम्ही बिघडलो, असं लिहू नका.