चुकलेली सीडी

आबांना सीडीवर टूथपेस्ट चोळायला कुणी सांगितलं होतं? कुणीही नाही. पण आयुष्यभर छापखान्यात प्रुफं तपासलेला माणूस, त्याला वाटतं की जगातली प्रत्येक चूक आपल्याच हातून सुधारायची आहे. तेव्हा सकाळी साडेनऊ वाजता, दाढी व्हायच्या आत, आबा बेसिनपाशी उभे राहून चार सीड्या घासत होते. गोल गोल. भांडी घासावीत तशा.

"अहो आबा, काय चाललंय काय?" लेक मागून ओरडली. "चरे पडतील ना!"

"पडलेले चरे काढतोय," आबा म्हणाले. "तू तुझं काम कर."

चारही सीड्या घरी बनवलेल्या. चोवीस वर्षांपूर्वी आबांनी कॅमेऱ्यातल्या टेपांवरून रेकॉर्डरवर स्वतः उतरवल्या होत्या. पुढे टेपांना बुरशी लागली, त्या कचऱ्यात गेल्या. रेकॉर्डर भंगारात गेला. उरल्या या चार, आणि कालपासून त्यातली एकही लागायला तयार नव्हती. लेकीने मैत्रिणीकडून मागून आणलेला प्लेअर सीडी आत घ्यायचा, जरा घरघरायचा आणि पडद्यावर लिहायचा, डिस्क नाही. हातात धरलेली वस्तू नाहीच म्हणून सांगणारं यंत्र! आबांचं डोकंच फिरलं होतं.

आणि लागणं तर भाग होतं. कारण होती चिमी.

चिमी म्हणजे आबांची नात, वय वर्षं सहा, आणि गेले सात आठवडे तिने तोंड उघडलेलं नव्हतं. बोलताना अडखळायची. पहिलं अक्षर धरून बसायची, ते काही केल्या सुटायचं नाही. वर्गात कुणीतरी तिची नक्कल केली, सगळे हसले आणि पोरीने बोलणंच टाकलं. हवं ते बोटाने दाखवायची, नको असेल तर मान हलवायची. वाचा-उपचाराच्या बाईंनी सांगितलं, "घाई करू नका. आणि असं अडखळत बोलणारं, तरीही मजेत बोलणारं मोठं माणूस घरात कुणी असेल तर तिला भेटवा."

घरात असं माणूस होतं. चिमीची आजी. ती जन्मभर अडखळली आणि जन्मभर बोलली. दूधवाल्याशी बोलायची, टपालवाल्याशी बोलायची, राँग नंबरवाल्याशीसुद्धा पाच मिनिटं बोलायची. विनोद सांगायची हौस तर विचारू नका. पुस्तकातले नाहीत, तिथल्या तिथे रचलेले, एकदा सांगितला की दुसऱ्यांदा नाही. पण चिमी दोन महिन्यांची असताना ती गेली. नातीला तिचा आवाज ठाऊक नव्हता.

"आईला बोलताना बघू दे तिला," लेक म्हणाली होती. "एकदा बघू दे, आबा. मग बघा कशी बोलते ते."

टूथपेस्टने काही झालं नाही. झालं असेल तर वाईटच झालं. दुपारी आबा सीड्या पिशवीत घालून बाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानात गेले.

दुकान चालवणारी बाई पस्तिशीची, कपाळावर भिंग लावलेलं, समोर उघडून ठेवलेला मिक्सर. तिने पहिली सीडी उजेडात तिरकी धरली आणि कपाळाला हात लावला.

"काका, हे काय लावलंत?"

"टूथपेस्ट."

"तरीच पुदिन्याचा वास येतोय. पुसायचीच असली तर मधून बाहेर, सरळ. गोल पुसलं की चरा रेघेवरूनच जातो, मग यंत्राला वाट सापडत नाही." तिने सीडी उलटी केली. "आणि ही कागदी लेबलं? फुगलीत बघा. सीडी फिरताना थरथरते."

लेबलं आबांनी छापखान्यात खास छापून घेतली होती. सुंदर टंक, बारीक चौकट, एक शुद्धलेखनाची चूक दाखवा. ती फुगलीत हे ऐकून त्यांना उगाच अपमान झाल्यासारखं वाटलं.

"काढून टाकू?" त्यांनी नख लावलं.

"हात लावू नका!" ती इतक्या जोरात म्हणाली की आबांनी हात खिशातच घातला. "आता ओढाल तर होतं नव्हतं ते जाईल. थांबा, माझ्याकडे जुना प्लेअर आहे. नवीन यंत्रं घरच्या सीड्यांना नाकं मुरडतात. हा म्हातारा गोड मानून घेतो."

म्हाताऱ्याने गोड मानून घेतलं. तिसऱ्या प्रयत्नात छोट्या टीव्हीवर चित्र आलं. हिरव्या साडीतली बायको, हातात पाण्याची झारी, कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी सांगतेय. ओठ हलताहेत, हात हलताहेत, भुवया वर जाताहेत. आबा खुर्ची पुढे ओढून बसले. सहा वर्षांत त्यांनी तिला हलताना पाहिलं नव्हतं.

आणि आवाज? बासरी. संथ, गोड, न थांबणारी बासरी.

"आवाज नाहीये का हिच्यात?" दुरुस्तीवालीने विचारलं. "नुसती धूनच ऐकू येतेय."

तिने दुसरी सीडी लावली. लहानगी लेक सायकल शिकतेय, बायको मागून पळतेय, ओरडतेय. बासरी. तिसरी लावली. बासरी.

आता आठवलं त्यांना. आठवलं म्हणजे काय, विसरले कधी होते? गाडून टाकलं होतं, इतकंच. रेकॉर्डरला तीन वायरी असायच्या. पिवळी चित्राची, लाल-पांढरी आवाजाची. आबांनी पिवळी कॅमेऱ्याला जोडली होती आणि लाल-पांढरी काढून कॅसेट प्लेअरला. कॅसेट बासरीची.

"माझी बायको बोलताना अडखळायची," ते टेबलाकडे बघत म्हणाले. "सीड्या नातेवाइकांकडे जायच्या होत्या. म्हटलं, लोक हसतील. म्हणून मी... धून घातली."

दुरुस्तीवालीने टीव्हीचा आवाज बंद केला. मग तिने विचारलं, "त्यांना चाललं?"

"ती म्हणाली, छान झालंय."

खरंच म्हणाली होती. अडखळत, पण म्हणाली होती, आणि चहा टाकायला आत गेली होती. आबांना तेव्हा वाटलं होतं, केवढा समजूतदार नवरा आहोत आपण. आता त्या दुकानात, उघड्या मिक्सरसमोर, त्यांना स्वतःची शिसारी आली. माणसाचा आवाज घालवून टाकला आणि वर लेबल चिकटवलं.

"चौथी राहिली," दुरुस्तीवाली म्हणाली.

चौथीवर लेबल नव्हतं. लाल शाईने आबांच्याच अक्षरात एक शब्द होता: चुकली. म्हाताऱ्या प्लेअरनेही ही सीडी थुंकून टाकली. पण आबा एकदम खुर्चीतून उठले.

"हिच्यात आवाज आहे!"

"कशावरून?"

"चुकली म्हणून! मी वायर बदलायची विसरलो होतो. खरा आवाज गेला हिच्यात. लक्षात आल्यावर मध्येच बंद केली आणि बाजूला टाकून दिली."

"बंद कशी केलीत? नुसता थांबवायचा खटका दाबलात, की शेवटी सीडी पक्की केलीत?"

"पक्की कशाला करू? चुकलेली होती ना."

"मग म्हणूनच लागत नाहीये," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली. "रेकॉर्डरची सीडी शेवटी पक्की करावी लागते, तेव्हा तिच्यावर अनुक्रमणिका लिहिली जाते. हिच्यावर मजकूर आहे, अनुक्रमणिका नाही. प्लेअरला वाटतं, पुस्तक कोरंच आहे. कॉम्प्युटरवर लावून पान न् पान वाचावं लागेल. दोन दिवस द्या."

हे आबांना बरोबर समजलं. त्यांनी तिचे हात धरायचेच बाकी ठेवले होते.

ते दोन दिवस आबांना घरात चैन पडेना. पेपर उघडायचे आणि त्याच पानावर बसून राहायचे. लेकीला सांगायचं सगळंच होतं, पण बासरीपाशी आले की जीभ रेटेना. शेवटी जेवताना सांगून टाकलं. लेकीचा घास हातातच राहिला.

"मला वाटायचं, एका सीडीपुरताच आपल्या कॅमेऱ्याचा आवाज बिघडला होता," ती म्हणाली. "आईनेच सांगितलं होतं मला तसं."

ताट उचलून आत गेली. चिमी आबांकडे बघत बसली, चमचा तोंडात धरून. बोलली असती तर बरं, शिव्या दिल्या असत्या तर आणखी बरं, असं आबांना लेकीबद्दलही वाटलं आणि नातीबद्दलही.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. "सगळी नाही मिळाली, काका. चार मिनिटं आलीत. आवाजासकट." आणि मग जरा थांबून, "मी थोडी ऐकली. तुम्ही आधी एकदा एकटे ऐका, असं मला वाटतं."

आबांनी ऐकलं नाही. सात आठवडे झाले होते, आता आणखी कसली वाट बघायची? पेनड्राइव्ह घेऊन ते तरातरा घरी आले. लेकीने पडदे ओढले, चिमीला मध्ये बसवलं. आबा शेजारी, गुडघ्यांवर हात ठेवून.

चित्र आलं. खिडकीतली खुर्ची, खुर्चीत बायको, मांडीवर घड्या घालायचे कपडे. आणि आवाज आला. जरासा घोगरा, हसू दाबून ठेवलेला. लेकीने तोंडावर पदर घेतला.

"ए-ए-एक जिराफ शि-शिंप्याकडे जातो," आजी पडद्यावर म्हणाली. "म्हणतो, मला म... म... म-मफलर शिवून द्या."

चिमीची पाठ ताठ झाली. तिने आबांकडे पाहिलं, मग परत पडद्याकडे.

"शिंपी म्हणतो, आधी म-माप घेऊ. शिडी आणतो. चढतो, च-चढतो, चढतो. वर पोचतो तर काय! जिराफाच्या का-कानात बसलाय एक प... प... प..."

आजी अडकली. पण चेहऱ्यावर त्रास नव्हता. डोळे मिचकावत होती, जणू तो शब्द मुद्दामच ताणून धरला होता. चिमीचे ओठ तिच्याबरोबर मिटले होते.

तेवढ्यात कॅमेऱ्यामागून आवाज आला. तरुण, स्वच्छ, शुद्ध.

"थांब. नीट म्हण. परत पहिल्यापासून."

तो आबांचाच आवाज होता.

आजीने सुरुवात केली. या वेळी हात मांडीवरच. "ए-एक जिराफ शि... शि... शि-शिंप्याकडे..." पहिल्यापेक्षा जास्त अडखळत ती कशीबशी शिडीपर्यंत आली, वर चढली. "कानात ब-ब-बसलाय एक प... प..."

"अगं, श्वास घे. घाई कशाला? परत."

"आबा, बंद करा," लेक म्हणाली. आबांना उठताच येईना.

तिसऱ्यांदा ती जिराफापर्यंतसुद्धा पोचली नाही. "ए... ए... ए..." आणि मग ती हसली. ते हसू आबांना चांगलं माहीत होतं. लग्नानंतर कितीतरी वेळा पाहिलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्यांनी ते होकार म्हणून घेतलं होतं. तिने हात हलवला, जाऊ दे म्हणून. कपडे उचलले आणि चौकटीबाहेर गेली. रिकामी खुर्ची थोडा वेळ तशीच दिसत राहिली. मग पडदा एकदम काळा. इथेच तेव्हा आबांना वायर आठवली होती आणि त्यांनी खटका दाबला होता.

लेक रडत होती, आवाज न करता, आईसारखीच. आबांना वाटलं, आता पोरीने आयुष्यात तोंड उघडलं नाही तर दोष आपला.

चिमीने त्यांची बाही ओढली.

"आ-आबा," ती म्हणाली. "जि... जि-जिराफाच्या क... का... का..."

आबांचे ओठ सवयीने हलले. शब्द जिभेवर तयार होता. लेकीने त्यांचा हात घट्ट दाबला आणि त्यांनी तो शब्द गिळला. चिमी लाल झाली, मूठ वळली, पण सोडलं नाही तिने.

"...का-कानात काय होतं?"

सात आठवड्यांनी पोरगी बोलली होती, आणि विचारलं होतं ते एवढंच. आबांनी लेकीकडे पाहिलं. तिने मान हलवली. तिलाही माहीत नव्हतं. पोपट? पाल? पतंग? पोस्टमन? सगळे शब्द आबांच्या डोक्यातून भराभर गेले, सगळे शुद्ध, सगळे बरोबर, आणि त्यातला तिचा कुठला ते त्यांना सांगता येईना. ती बोलत असताना त्यांचं लक्ष फक्त ती कुठे अडकते तिकडे असायचं. विनोद त्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

"सांगा ना," चिमी म्हणाली.

"मला माहीत नाही, बाळा," आबा म्हणाले. "ती सांगत होती. मी तिला सांगू दिलं नाही."

चिमी वाट बघत राहिली. मोठ्या माणसांना कधीकधी उशिरा आठवतं, हे तिला ठाऊक होतं.