गुरुवारचे मैल

"या गुरुवारांचं काय करायचं, मिस्टर टॅकेट?" करखात्यातल्या पेटिग्रूबाईंनी मैलांच्या नोंदींची वही फिरवून त्याच्यासमोर सरकवली. "दर गुरुवारी दुपारी चोपन्न मैल. आणि डिलिव्हरी कंपनीच्या यादीत त्या वेळेला तुमची एकही ऑर्डर नाही."

वेंडल टॅकेटने वहीकडे पाहिलं, पण वाचलं काहीच नाही. शेजारी नॉर्मा, त्याची बायको, मांडीवरची पर्स घट्ट धरून बसली होती.

डेटनमधला कारखाना बंद पडल्यापासून सहा वर्षं तो स्वतःच्या गाडीतून लोकांची जेवणं घरोघर पोचवत होता. ना पगार, ना पेन्शन. धंद्यासाठी गाडी जितके मैल पळेल तितक्यांची वजावट करात मिळे आणि त्यावरच वर्ष निभावून जाई. आज ती नाकारली गेली, तर कर भरायला गाडीच विकावी लागणार होती. एकसष्टाव्या वर्षी गाडी गेली की माणूस घरी बसतो आणि घरी बसलेल्या माणसांचं पुढे काय होतं, हे वेंडलने आपल्या दोन भावांमध्ये पाहिलं होतं.

वही मात्र देखणी होती. तो गाडीत चिटोऱ्यांवर आकडे खरडायचा आणि रविवारी चर्चहून आल्यावर नॉर्मा ते सुवाच्य अक्षरात उतरवून काढायची. चिटोरं वाचता आलं नाही की दोन शब्द सुनवायची.

"एक नोंद खोटी निघाली की बाकीच्यांवर मी विश्वास कसा ठेवू?" पेटिग्रूबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्याचीच जास्त भीती वाटत होती. "अख्खी वही बाजूला ठेवावी लागेल."

"हे बघा बाई, माझा नवरा गबाळा असेल, लबाड नाही," नॉर्मा पुढे सरसावली. "ऑर्डर मिळेपर्यंत हिंडावं लागतं की. सांग ना त्यांना, वेंडल. मिठाची गुळणी धरल्यासारखा काय बसलायस?"

"हिंडत होते, तर दर वेळी नेमके चोपन्नच कसे?"

आता नॉर्माही त्याच्याकडे बघू लागली. तिच्या नजरेत संशयाचा लवलेश नव्हता आणि त्यानेच वेंडलला कसंतरी झालं. एखादं ठरलेलं गिऱ्हाईक सांगून टाकता आलं असतं. पण बाई नाव विचारणार, पत्ता विचारणार.

"खासगी आहेत ते," तो म्हणाला. "खोडा सगळे."

"जात कुठे होता?"

"झीनियाला. मुलीच्या घरासमोर."

नॉर्माने मान वळवली नाही. दोन वर्षांपूर्वी क्रिस्टाने आईच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हा नॉर्माने बजावलं होतं, की त्या घराचा उंबरा जो ओलांडेल त्याने या घरात परत यायचं नाही. बोलली ते पाळणारी बाई.

"समोर गाडी लावतो," वेंडल टेबलाकडे बघत सांगू लागला. "दिवे लुकलुकत ठेवतो, जेवणाची पिशवी पुढच्या सीटवर. डिलिव्हरीवाल्याला कोणी विचारत नाही, इथे का थांबलास म्हणून. साडेतीनला ती नातीला घेऊन अंगणात येते. वीस मिनिटं बघतो आणि परत येतो."

"मग वहीत काम म्हणून का लिहिलंत?"

"वही ही लिहिते."

 पेटिग्रूबाईंनी लाल पेन्सिल घेतली आणि एकेक पान उलटत रेघा मारायला सुरुवात केली. मोठ्याने मोजत होत्या. सत्तेचाळीस झाले. "बाकीचं ऑर्डरींशी जुळतंय," त्या म्हणाल्या. "ते धरते मी. एवढ्यांवरचा कर तेवढा भरा."

गाडी वाचली होती. जिना उतरताना वेंडलला त्याचा आनंद काही होईना.

गाडीत बसल्यावर नॉर्माने पट्टा लावला नाही. काचेबाहेर बघत बसली. त्याने किल्ली फिरवली, पण गाडी काढायचा धीर झाला नाही.

"पोर चालते का?" तिने विचारलं.

"हो. पडली तर रडत नाही. आपली आपण उठते."

"क्रिस्टाने तुला बघितलं नाही?"

"मी टोपी खाली ओढून बसतो."

"सत्तेचाळीस वेळा गेलास आणि एकदाही दार वाजवलं नाहीस?"

"तू नको म्हणाली होतीस."

नॉर्माने हातमोजा काढला आणि तो मांडीवर ठेवून हाताने सपाट करत राहिली.

"वाजवायचं होतंस रे," ती म्हणाली.