बुरशीवर टांगलेलं जंगल

मी फिनलंडच्या जंगलाचं चित्र बोलतोय. सध्या मुक्काम आयर्लंडमधल्या मलिंगार गावातल्या एका भाड्याच्या घरात, मागच्या बेडरूमच्या भिंतीवर. माझ्यात पाइनची उंच झाडं आहेत, बर्चची पांढरी खोडं आहेत, मधे निवांत तळं आहे. बघणारे म्हणतात, "वा, किती फ्रेश वाटतं!" ते ऐकलं की मला शिसारी येते. माझ्या पाठीला काय चिकटलंय ते मला माहीत आहे ना!

मला एका फिनिश बाईंनी रंगवलं, तळ्याकाठी बसून, बोटं गारठेपर्यंत. त्यांच्या लाकडी घरात मी कोरडा ठणठणीत होतो. मग सहलीला आलेल्या, या घराच्या आयरिश मालकाने मला विकत घेतलं आणि इथे आणून भिंतीवरच्या ओल्या, काळ्या बुरशीवर टांगलं. घर भाड्याने जायला हवं होतं, म्हणून.

राहायला आली डॉक्टर सुमेधा, तिचा नवरा प्रताप आणि त्यांची पाच वर्षांची स्वरांगी. पोरीचा पलंग नेमका माझ्याखाली लावला. "जंगलात झोपणार माझं बाळ!" सुमेधा म्हणाली. मला ओरडावंसं वाटलं.

थोड्याच दिवसांत स्वरांगीला खोकला लागला. झोपेत तिची छाती घरघरायची. सुमेधा दिवसभर हॉस्पिटलात लोकांच्या छात्या तपासायची आणि घरी येऊन लेकीला ओव्याच्या पुरचुंडीने शेकायची. खोलीत सतत कुबट वास. घरमालक एकदा नाक मुरडून म्हणाला, "इट्स युअर कुकिंग, लव्ह. ओपन अ विंडो."

आणि या बाईने फोडणी देणंच बंद केलं! लसूण नाही, हिंग नाही. नवरा-बायको मुकाट्याने पांढरंफटक वरण गिळायचे. वास माझ्या पाठीचा, आणि लाज यांना. मालकाची किळस होतीच, पण खरं सांगतो, या दोघांचाही मला संताप यायचा.

शेवटी स्वरांगीच बोलली. "आई, इट्स नॉट द फूड. द ट्रीज स्मेल."

"काहीतरीच! चित्राला कसला वास?" म्हणत सुमेधाने मला खिळ्यावरून काढलं. मागची भिंत काळी, लवदार, ओली. मला उलटं केलं, तर माझ्या पाठीवरही तेच.

"प्रताप, इकडे ये! पोरगी रोज हे श्वासातून घेत होती रे! आणि मी डॉक्टर!"

त्या दिवसापासून कोणी या खोलीत झोपलं नाही. दुसरं घर मिळताच ते गेले. जायच्या दिवशी सुमेधाने सगळ्या खिडक्या लावून घेतल्या आणि लसूण-हिंगाची खमंग फोडणी दिली. इतक्या वर्षांत माझ्या नाकाला मिळालेलं तेवढंच सुख.

"अह्, इट'ल बी ग्रँड," म्हणजे 'होईल सगळं ठीक', असं म्हणत मालकाने भिंत ब्लीचने पुसली, वर पांढरा रंग फासला आणि मला परत टांगलं. बुरशी पुन्हा फुटली आहे. आता तर माझं तळंही काठाने काळं पडू लागलंय.

उद्या घर बघायला माणसं येतील. इथे घरांची टंचाई, म्हणून दारापासून रस्त्यापर्यंत रांग लागेल, कुणाच्या तरी कडेवर मूल असेल. बाबांनो, माझं कौतुक करू नका. आधी मला खिळ्यावरून काढा.