कोहाना की कोहानेय

मित्रांनो, मी एक जुना कुंचला आहे. १९८३ साली मी पोलंडमधल्या सानोक गावात, लेओकाद्याबाईंच्या फुलांच्या दुकानात होतो. माझे केस खारीच्या शेपटीचे, दांडी बर्चच्या लाकडाची. शवपेटीवर ठेवायच्या पुष्पचक्राला पांढरी फीत बांधतात, तिच्यावर मी सोनेरी अक्षरं काढायचो. लोक म्हणत, "लेओकाद्याच्या अक्षरासाठी तरी मरावं!"

फितीवर 'लाडकी आई' असं लिहीत नाहीत, 'लाडक्या आईला' असं लिहितात. पोलिश भाषेत लाडकी म्हणजे 'कोहाना'. पुढच्या नावाला 'ला' लागला की तिचं 'कोहानेय' होतं आणि पुरुषासाठी 'कोहानेमू'. ही वळणं माझ्या अंगात मुरली होती.

त्या फेब्रुवारीत तेओफिल बेकरीवाले आले. बायको अपोलोन्या गेली होती. अकराला चर्चमध्ये पोचायचं होतं. सोबत मेव्हणी मेलान्या, शाळेत व्याकरण शिकवणारी.

"कोहाना लिहा," ते म्हणाले. बाईंच्या हाताने सवयीने 'कोहानेय' काढलं.

"हे नको."

"भावजी, तेच बरोबर आहे. गाव हसेल!"

"हसू दे. चाळीस वर्षं भट्टीवरून येऊन मी दारातून 'कोहाना' अशी हाक मारली. कोहानेय म्हटलं तर ती वळूनही बघायची नाही."

ते रडत नव्हते. बाहीवरचं पीठ झटकत होते.

"काका, एकच फीत उरलीय," बाई म्हणाल्या. "आता चुकले तर कोरीच न्यावी लागेल."

मेलान्याबाईंनी कोऱ्या फितीचं टोक सरळ केलं. मग म्हणाल्या, "हाक मारताना कोहानाच. पुढे उद्गारचिन्ह द्या."

बाईंनी दोन्ही हातांनी मला धरलं. शेवटचा 'ना' नीट उतरला. मला काहीच वाटलं नाही, फक्त रंग जड लागला.

दोन वर्षांनी तेओफिल गेले. मेलान्याबाई एकट्या आल्या. "नियमाने लिहा, कोहानेमू. त्यांना हाक मारणारी मी नव्हे," म्हणाल्या. पुढे त्या मुलीकडे क्राकूवला गेल्या आणि तिथेच वारल्या. लेओकाद्याबाईंची नजर गेली. त्यांच्या भाचीने छपाईचं यंत्र आणलं आणि मला न धुताच डब्यात टाकलं.

मित्रांनो, काम झालं की कुंचला लगेच धुवा. एकदा रंग केसांत वाळला, की मागाहून कितीही कोमट पाणी घाला, ते वाकत नाहीत.