वास येतोय ना

पेट्रोलच्या नळीवरच्या क्लिपच्या कडेला काहीतरी चमकलं. थेंब असेल असं वाटून संपतने बोट लावलं, तर गंज उडून उघडा पडलेला पत्र्याचा कोपरा निघाला, कोरडा ठणठणीत. तरी ते बोट त्याने नाकाशी नेलं, हुंगलं, आणि व्हॅनखाली पोत्यावर उताणा पडल्या पडल्याच मान वळवून पाहिलं, कुणी बघितलं तर नाही ना... पलीकडे मैनाचे पाय दिसत होते. निळ्या स्लिपरांतले, जागचे न हलणारे.

"सापडलं का हो?"

"बघतोय."

"इथवर भपकारा येतोय. तुम्ही तर टाकीखालीच पडलाय."

"येतोय ना वास. सगळीकडूनच येतोय, म्हणून तर कळत नाही कुठून ते."

किती सहज जमलं. जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर एका शाळेची जुनी पेट्रोल व्हॅन त्याने विकत घेतली होती. बाकडी उपटून तिथे पलंग बसवला, कपाट बसवलं, मागच्या दाराशी गॅसची शेगडी. फिरतं घर. वर्षभर खपून केलेलं, एकही बाहेरचा हात न लावू देता. परवा निघायचं, समुद्र धरून थेट कन्याकुमारीपर्यंत. काल संध्याकाळी त्याने टाकी काठोकाठ भरून आणली आणि रात्री दोघं रंगीत तालीम म्हणून बिल्डिंगच्या पार्किंगमध्येच व्हॅनमध्ये झोपली होती. ही बिल्डिंग उभी आहे ती जमीन त्याच्या बापाची, तेव्हा कोथरूडला गावच म्हणत. सकाळी चहाला म्हणून तो शेगडीपाशी वाकला, लायटर बर्नरला टेकवला, आणि झोपेतून उठून बसलेल्या मैनाने त्याचं मनगट धरलं. "पेट्रोल," ती म्हणाली. एवढंच. इतकं घट्ट तिने त्याला कधी धरलं नव्हतं.

अजून मनगटावर तिची बोटं होती. चाप ओढला असता तर — तिची झोप दोन श्वास लांबली असती तर — आणि मी तिथे उभा, माझ्याच हातात लायटर, पेट्रोलच्या वासात न्हाऊन निघालेला, आणि मला वाटतंय की सकाळची हवा किती स्वच्छ आहे...

मला काही झालेलं नाही. सर्दी असेल.

पण सर्दी नव्हती. उन्हाळ्यात तो म्हणाला होता, यंदाच्या आंब्याला दमच नाही. मग म्हणाला, उदबत्त्या भेसळीच्या निघाल्यात. मग चहापत्तीचा दुकानदार बदलायला लावला. सगळ्या जगावर एकेक करून ठपका ठेवून झाला होता आणि आता या टाकीखाली ठपका ठेवायला कुणी उरलं नव्हतं. गेनबाचं, त्याच्या बापाचं, असंच झालं होतं. चुलीशेजारी बसून होता आणि तव्यावर भाकरीचा कोळसा झाला. आई हसली, म्हणाली, ध्यान कुठं हाय तुमचं. पुढे काही वर्षांनी बापाचा अंगठा हलायला लागला. बोटावर नुसता घासत राहायचा, तळहातावर तंबाखू नसतानाही मळत असल्यासारखा. मग चाल गेली, मग आवाज गेला, मग चमचा. डॉक्टर फार उशिरा म्हणाले होते, या कंपवाताच्या दुखण्यात कधीकधी वास आधी जातो, आणि माणसाला पत्ताही लागत नाही.

त्याने स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. स्थिर होता. फार वेळ पाहिलं तर हलतोय असं वाटायला लागलं, म्हणून त्याने नजर काढून घेतली.

"मैना, तुझा पावडरचा डबा आण."

"पावडर? आत्ता? वास झाकताय का शोधताय?"

"दे तर. पेट्रोल खाली पडायच्या आत उडून जातंय, म्हणून थेंब दिसत नाही. पावडरवर माग उमटेल."

बॅटरीची तार त्याने आधीच सोडून ठेवली होती. डबा घेऊन तो पुन्हा आत सरकला. झाकण उघडल्यावर क्षणभर थांबला. लग्नापासून ती हीच पावडर लावत आली होती. अंधारातसुद्धा ती खोलीत आली की कळायचं. त्याने डबा नाकाशी धरला. पांढरी धूळ आत गेली, शिंक आली, डोळे भरून आले. बाकी काही नाही. म्हणजे हीसुद्धा. ही कधी गेली, मला कळलंच नाही...

मग त्याने टाकीवर, नळ्यांवर, सांध्यांवर मुठीने पावडर उडवली आणि विजेरी धरून वाट पाहिली. बराच वेळ सगळं पांढरंच होतं. त्यानंतर टाकीच्या वरच्या अंगाने एक करडी रेघ हळूच खाली उतरली. त्याने रेघेचा उगम धरला: पेट्रोल भरायच्या तोंडापासून टाकीपर्यंत येणारी जाड रबरी नळी, वळणावर सुकून तडकलेली. टाकी काठोकाठ भरली की तेवढ्यापुरतं झिरपायचं. सापडलं. डोळ्यांनी सापडलं, नाकाची गरज पडली नाही... आनंदाची एक लहर खरोखरच आली, आणि त्या लहरीतच त्याने तड्यावर बोट दाबलं, ओलं बोट जवळजवळ नाकात घातलं. गारवा लागला. चुरचुरलं. वास आला नाही.

तो तिथेच पडून राहिला. गाडीचं सगळं वजन छातीच्या वीतभर वर टांगलेलं.

टाकी त्याने निम्म्यावर आणली, पेट्रोल कॅनमध्ये काढून ठेवलं, नळी सोडवली आणि नमुन्याला म्हणून पिशवीत घालून स्कूटरवर नाना पेठेत, गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात गेला. दुकानदाराने नुसती मान वर केली.

"काका, ती पिशवी आधी बाहेर ठेवा."

"का?"

"दुकान पेटवायचा विचार असेल तर आत आणा, माझी हरकत नाही."

शेजारचं गिऱ्हाईक रुमालाने नाक दाबून मागे सरकलं होतं. संपत हसला, पिशवी पायरीवर ठेवली. सबंध रस्ताभर ती त्याच्या हँडलला लटकत आली होती आणि सिग्नलला थांबलेल्या माणसांनी त्याच्याकडे का वळून पाहिलं ते आत्ता कळत होतं. सगळ्या शहराला वास येतोय. फक्त मला वगळून.

नवी नळी बसवताना दुसऱ्या क्लिपचा स्क्रू खाचेत बसेना. स्क्रू ड्रायव्हर निसटायचा, पुन्हा लावायचा, पुन्हा निसटायचा. हात वर धरून अवघडलेत म्हणून... हो, म्हणूनच. शेवटी दुसऱ्या हाताने मनगट धरून त्याने स्क्रू आवळला. पेट्रोल परत भरलं, नवी पावडर उडवली. पांढरी ती पांढरीच राहिली. तो बाहेर आला तेव्हा उन्हं पार्किंगमधून निघून गेली होती.

मैनाने पाण्याचा तांब्या दिला. तो प्यायला तोवर थांबली.

"बघा आता, येतोय का?"

नाही. शब्द तोंडाशी आलाच होता. सकाळपासून पहिल्यांदाच खरं उत्तर देता येणार होतं, आणि ते खरं बोलून तो तिला त्या पलंगावर झोपवणार होता, कुठल्यातरी घाटात, समुद्राकाठी. स्वतः आधी उठून शेगडीपाशी वाकणार होता, तिची झोप न मोडता, जपून...

"मला नाही कळत," तो म्हणाला.

"काय नाही कळत?"

"वास. कुठलाच. तू बघ."

तिने त्याच्याकडे पाहिलं, चेहऱ्याकडे नाही, सबंध त्याच्याकडे. मग पदर खोचून व्हॅनमध्ये चढली. गादी उचलून खाली वाकली, कपाट उघडलं, दाराची फट हुंगली, सावकाश, एकेक कोपरा. तो बाहेर उभा राहून तिचा श्वास आत जाताना ऐकत होता. भीती कमी झाली नव्हती, उलट आता ती बोलून दाखवल्यामुळे खरी झाली होती. पण सकाळपासून एकट्याने उचलून धरलेलं काहीतरी दोन माणसांच्या मध्ये टेकलं होतं आणि खांदे आपोआप सैल पडले होते.

"नाही येत आता," ती आतून म्हणाली. मग गादी जागेवर ठेवत, "कधीपासून?"

तो सांगायला गेला आणि थांबला. पलंगाला रेक्झिन चिकटवलं तेव्हा गोंदाचा वास आला होता का... की गोंदाला वास असतो हे माहीत होतं म्हणून आल्यासारखा वाटला? त्याआधी नातीची टाळू हुंगली होती. त्याआधी... तो मागे मागे जात राहिला, एकेक वास उचलून पाहत, आणि यातला कुठला खरोखर आलेला, कुठला नुसता आठवलेला, हे त्याला वेगळं करता येईना. मैना दारात येऊन बसली होती. तिला घाई नव्हती.

"थांब," तो म्हणाला, "आठवतोय."