दारावरचा आकडा

कोर्टाने सांगितलं होतं, इंदुताईंची मागच्या नऊ वर्षांची हजेरी सोमवारपर्यंत हजर करा. इंदुताई आमच्या चाकणच्या कंपनीत पॅकिंगला, कंत्राटावर. वर्षाला दोनशे चाळीस दिवस भरल्याचं सिद्ध झालं तर कायम होण्याची आशा, नाहीतर घरी. कंत्राटदाराचं रजिस्टर नेमकं आत्ताच 'हरवलं' होतं. उरला तो जुन्या पंचिंग मशीनचा डेटा, मी सांभाळते त्या युनिक्स सर्व्हरवर.

"मी काढून देते," मीच म्हणाले. कुणी सांगितलं नव्हतं.

डेटा काढून ठेवायला जागा हवी, म्हणून नवा व्होल्यूम ग्रुप करायला बसले. म्हणजे सुट्या डिस्क एकत्र बांधून एक मोठी कोठी करायची, एवढंच. रिकामी डिस्क कोणती, ते सर्व्हरच्या कपाटाच्या दारावर चिकटवलेलं, निवृत्त झालेल्या ज्योतीरामभाऊंच्या अक्षरात. मी वाचलं, डिस्क आठ रिकामी. सर्व्हरने विचारलंसुद्धा : ही डिस्क दुसऱ्या ग्रुपची दिसते, तरी करायचं? मी शहाणी! जबरदस्तीचा पर्याय दिला आणि सर्व्हर मोकळा करायला दुपारपर्यंत तिच्यावर दुसराच डेटा ओतला.

मग हजेरी शोधायला गेले, तर ती कुठेच नाही. थेरगावला भाऊंना फोन लावला.

"आठ? अगं पोरी, मराठी चार हाय त्यो! आठवर तर हजेरी हाय, ग्रुप बंद करून ठेवलेली, म्हून दिसली न्हाई तुला."

दारापाशी जाऊन पाहिलं. ४. वरची टोकं जरा जवळ आलेली, म्हणून इंग्रजी 8 वाटला, इतकंच. दिघीच्या शाळेत हाच चार मी पाटीवर गिरवला होता. बॅकअपचं टेप मशीन दोन वर्षं बंद, दुरुस्तीचे माझे तीन अर्ज मॅनेजर नानासाहेबांच्या टेबलावर. भाऊंनी फोनवर टेपचं विचारलं, मी सांगितलं. "आता न्हाई निघायचं," म्हणाले.

सर्व्हर दहा मिनिटं बंद पडला तरी आमचे नानासाहेब कंपनी डोक्यावर घेतात. आज त्यांनी शांतपणे ऐकलं, सगळं लेखी घेतलं आणि माझ्यासाठी आल्याचा चहा मागवला. "चुका माणसाकडूनच होतात, वर्षाली. तुझ्या प्रमोशनचंही बघू या." चहा तसाच ठेवून मी उठले. मला माझीच शिसारी आली.

इंदुताई कँटीनबाहेर थांबल्या होत्या. "गावलं का गं?"

मी सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता उजवा अंगठा पुढे केला. गुळगुळीत.

"नऊ वर्षं रोज दोनदा ह्योच दाबला. रेघा झिजल्यात बघ. ह्यो चालंल का कोर्टात?"

"नाही, ताई."

शिफ्टचा भोंगा झाला. अंगठा पदराला पुसत त्या दारातल्या नव्या पंचिंग मशीनपाशी गेल्या. दोनदा दाबून घेईना, तिसऱ्यांदा घेतला. मशीन म्हणालं, "थँक यू."