न चावता गिळलेला घास

आमच्या घरात कुणाच्या ताटात काय पडायचं ते मी ठरवते. शिकले दुसरीपर्यंत, पण चाळीस वर्षं माझ्या चुलीपुढं कुणी शहाणपण केलेलं नाय. म्हणून डॉक्टरीणबाईंनी सुनेकडं बघून सांगितलं, "संध्याकाळपर्यंत यांना पाणीसुद्धा नाही," ते मला तिथंच टोचलं. माझ्याकडं बघून सांगायला काय झालं होतं?

आमच्या म्हाताऱ्याची अन्ननळी आकसलेली. दोन महिने भाकर उतरत नव्हती. त्या सकाळी पनवेलच्या दवाखान्यात तोंडातून नळी घालून आत फुगा फुगवला, वाट मोठी केली. दुपारी घरी आणलं. तासाभरात म्हातारा उठून बसला.

"छातीत टोचतंय गो. काटा आडकल्यावानी."

सून अंकिता औषधाच्या दुकानात गेलेली. काटा म्हटल्यावर आमच्यात औषध एकच, कोरड्या भाताचा गोळा, न चावता गिळायचा. माझ्या आईनं मला दिला, मी पोरांना दिला. म्हाताऱ्यालाही दिला. दोन गोळे.

पाच मिनिटांत त्याला घाम फुटला. आवाज नाकातून यायला लागला. मी आत-बाहेर करत राहिले. ओटा पुसला, परत पुसला. भाताचं भांडं घासून पालथं घातलं. ते का घासलं, ते माझं मला माहीत.

अंकिता आली ती घाबरलीच. "आई, पप्पांना काही दिलं का?"

"मी काय येडी हाय? तुझ्यासारखी मोबाईलमंदी नसतंय माझं डोकं."

तिनं ऐकून घेतलं आणि रिक्षा बोलावली.

रिक्षात म्हाताऱ्याचं डोकं माझ्या खांद्यावर. गळा सुजलेला. हात लावला तर कातडीखाली चुरचुरलं. लहानपणी मिठागरात अनवाणी चालताना पायाखाली मिठाची पापडी अशीच चुरचुरायची. माणसाच्या गळ्यात मीठ कुठनं येईल? मी हात काढला, परत लावला. परत चुरचुर.

"भाऊ, जोरात हाण ना जरा! बैलगाडी हाय का?" रिक्षावाल्याला ओरडले. सिग्नल लाल होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी गळा चाचपला आणि त्यांचं तोंड उतरलं. "आतून हवा सुटलीय. अन्ननळीला भोक पडलं असणार. हजारात एखाद्याला होतं. घरी काही खाल्लं का यांनी?"

"नाही मॅडम," अंकिता ठामपणे म्हणाली. "आई सोबत होत्या. आई असताना चूक होणार नाही."

सासूसाठी असं कुणी बोलतं? मी तिला दोन वर्षं काय काय बोलले होते. तिकडं म्हाताऱ्याला स्ट्रेचरवर ढकलत नेत होते, चाकं वाजत होती.

"भात," मी म्हणाले.

"काय?"

"भात दिला मी! दोन गोळे. हिला खोटं सांगितलं."

डॉक्टरीणबाई वळून कुणाला तरी ओरडल्या, "छाती उघडायची तयारी करा, आत अन्न गेलंय!" मग मला म्हणाल्या, "भोक तुमच्या भातानं नाही पडलं मावशी, फुगा फुगवताना पडलं. पण भात छातीत सांडला असेल. आत्ता सांगितलंत, नाहीतर तो तिथंच सडला असता."

चार तास मी बाकड्यावर टेकले नाय. अंकिता एकदाच बोलली, "आई, बसा." शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

भात धुऊन काढला, भोक शिवलं. चौदाव्या दिवशी पाणी द्यायची परवानगी मिळाली. म्हाताऱ्यानं डोळे उघडून मलाच विचारलं, "आन भात कधी?"

जीभ वळवळली. चाळीस वर्षांची सवय.

"तिला इचारा," मी म्हणाले.

अंकितानं चमचा भरला. म्हाताऱ्यानं घोट घेतला. तो खाली उतरेस्तोवर माझं बोट त्याच्या गळ्यावर, चुरचुरतंय का बघत. दुसरा चमचा भरला, तरी मी बोट काढलं नाय.